मापनयंत्राची शलाका : तिचें टोक आणि तिचा कोन

(नभोवाणीवरील भाषण)



कारंज्याच्या किंवा मानोऱ्याच्या बाजारांत धान्याचें पोतें आलें म्हणजे व्यापारी तें सबंध ओतून पाहत बसत नाहीं. तो आपली परखी पोत्यांत खुपसतो, तिच्या खोबणींतून जे चार दाणे बाहेर येतात ते तळहातावर घेऊन पाहतो आणि त्यावरून सर्व पोत्याचा भाव ठरवितो. परखी आंखूड असली तर मधला माल कळत नाहीं. ती फार तिरपी घातली तर वरच्याच थराचे दाणे हातीं येतात. तिची खोबण अरुंद असली तर मोठा दाणा तींत शिरत नाहीं. माल एकच, परंतु परखी कोणती आणि ती कोणत्या कोनांत घातली यावरून त्याचा निकाल बदलूं शकतो. ही गोष्ट शेतकऱ्यास समजावून सांगण्याचें कारण नाहीं. आज मी ज्या यंत्राविषयीं बोलणार आहें, त्याचें मर्महि नेमकें हेंच आहे.

हें यंत्र आमच्या इंझोरीसारख्या गांवीं दृष्टीस पडत नाहीं. परंतु अशा गांवांतलीं कांहीं मुलें मात्र त्याच्यापाशीं रोज आठ तास उभीं असतात. सोयाबीन आणि तूर यांच्या उत्पन्नावर सर्व भावांचें भागेनासें झालें म्हणजे एखादा भाऊ आयटीआयचें शिक्षण घेऊन चाकण, भोसरी, रांजणगांव अथवा छत्रपती संभाजीनगराजवळील वाळूज येथें जातो. आणि त्यांतील शांत हाताच्या व चौकस बुद्धीच्या मुलास कारखान्याच्या मापन-विभागांत घेतात. तेथें या यंत्रास 'सीएमएम' असें म्हणतात. त्यानें 'ठीक' म्हटलें म्हणजे तो भाग गाडीच्या ब्रेकमध्यें जाऊन बसतो. त्यानें 'रद्द' म्हटलें म्हणजे तो भंगारांत जातो आणि घडविणाऱ्या कामगारास जाब विचारला जातो. एकीकडे प्रवाशाचा जीव आणि दुसरीकडे कामगाराची भाकर, अशा दोन गोष्टी या निर्णयावर अवलंबून आहेत. म्हणून तो निर्णय कसा होतो हें त्या मुलानें, आणि जमल्यास त्याच्या वडिलांनींहि, समजून घेणें इष्ट आहे.

यंत्राचें मूळ तत्त्व आपल्यापैकीं पुष्कळांनीं शाळेंत शिकलेलें आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त यानें १६३७ सालीं प्रसिद्ध केलेल्या भूमितीच्या ग्रंथानें बिंदूचें स्थान संख्यांनीं सांगण्याच्या रीतीचा पाया घातला. कागदावरील बिंदूस दोन संख्या पुरतात. अवकाशांतील बिंदूस तीन लागतात : डावी-उजवीकडे किती, पुढें-मागें किती आणि वर-खालीं किती. सीएमएममध्यें काळ्या ग्रॅनाइटचा एक जड व सपाट ओटा असतो, त्यावर मागें-पुढें सरकणारी कमान असते आणि त्या कमानीवरून सरकणारा व खालींवर होणारा एक उभा दांडा असतो. या तीन दिशा परस्परांशीं काटकोनांत असून प्रत्येकीवर अतिसूक्ष्म रेघांची मापपट्टी बसविलेली असते. दांड्याच्या खालच्या टोकास 'प्रोब', प्रोबास 'स्टायलस' नांवाची बारीक शलाका आणि शलाकेच्या टोकास माणकाची एक लहानशी गोळी असते. ही गोळी वस्तूस जेथें जेथें स्पर्श करील तेथल्या तीन संख्या संगणक टिपून घेतो. तीन बिंदूंवरून प्रतल किंवा वर्तुळ, चार बिंदूंवरून गोल आणि पांच बिंदूंवरून नळकांडें अशा आकृति तो गणितानें जुळवितो. प्रत्यक्षांत अर्थात् याहून अधिक बिंदु घेतात, म्हणजे आकाराचे दोषहि ध्यानांत येतात.

अशीं यंत्रें १९५० नंतरच्या दशकांत स्कॉटलंडांतील फेरांटी कंपनीनें तयार केलीं. आरंभीं त्यांस ताठ, अचल टोक असे आणि माणूस तें हातानें वस्तूस टेकवी. हात जड पडला कीं माप बिघडे. १९७२ सालीं इंग्लंडांतील ब्रिस्टल येथें रोल्स-रॉइस कंपनीच्या डेव्हिड मॅकमर्ट्री या अभियंत्यापुढें कॉंकॉर्ड विमानाच्या एंजिनांतील बारीक नळ्या मोजण्याचा प्रश्न आला. ताठ टोकानें नळीच दबत होती. त्यानें अशी युक्ति योजिली कीं स्पर्श होतांच शलाका आपल्या बैठकीवरून किंचित् ढळावी आणि ढळतांक्षणीं विजेचा संदेश जावा. पुढल्याच वर्षीं त्यानें जॉन डीअर या सहकाऱ्याबरोबर रेनिशॉ ही कंपनी स्थापिली; तिची शाखा आज पुण्यासही आहे. मॅकमर्ट्री २०२४ सालीं वारला.

या प्रोबाची बैठक फार साधी आहे. शलाकेच्या मुळाशीं तीन आडवे दांडके १२० अंशांच्या अंतरानें बसविलेले असतात आणि प्रत्येक दांडकें दोन-दोन गोळ्यांवर टेकलेलें असतें. एकूण सहा स्पर्शबिंदु. त्यांतून अगदीं थोडी वीज वाहत असते. शलाकेस धक्का लागला कीं एखादा स्पर्श सैल होतो, विजेस अडथळा वाढतो आणि त्याच निमिषीं तिन्ही पट्ट्यांवरील आंकडे टिपले जातात. मग एक स्प्रिंग शलाकेस पूर्ववत् बसविते. आपल्याकडे तिवई ओबडधोबड जमिनीवरहि डुगडुगत नाहीं, कारण तिला तीनच पाय असतात. त्याच न्यायानें ही बैठक दर वेळीं नेमकी पूर्वस्थितींत येते. मात्र तीन टेकूंमुळें एक उणीवहि राहते : सर्व दिशांनीं शलाका ढळविण्यास सारखाच जोर लागत नाहीं. संदेश जाण्यापूर्वीं शलाका थोडी वांकते आणि हें वांकणें दिशेप्रमाणें कमीअधिक होतें. शलाका लांब तितका हा दोष मोठा.

येथून आपल्या मूळ प्रश्नास आरंभ होतो. कोणतें टोक घ्यावें आणि तें कोणत्या कोनांत लावावें ?

प्रथम शलाकेची लांबी पाहूं. एका बाजूनें घट्ट बसविलेली काठी टोकाशीं दाबली असतां किती वांकते याचा नियम ठरलेला आहे. लांबी दुप्पट केली तर वांक आठपट होतो. जाडी निम्मी केली तर सोळापट होतो. म्हणून पहिला नियम असा कीं, काम भागेल तितकी आंखूड व तितकीच जाड शलाका घ्यावी. तिला मध्यें जोड देऊन वाढविण्याची सोय असते. परंतु प्रत्येक जोड हें एक संभाव्य ढिलें स्थान आहे. कपाटांतून जी हातास लागली ती लांब शलाका लावून सर्वच कामें उरकण्याची संवय पुष्कळ ठिकाणीं दिसते. ती संवय सोयीची असली तरी तिची किंमत मापाच्या अचूकपणानें मोजावी लागते.

दुसरा प्रश्न गोळीच्या आकाराचा. यंत्रास जें ठाऊक असतें तें गोळीच्या केंद्राचें स्थान. वस्तूचा पृष्ठभाग त्या केंद्रापासून एका त्रिज्येइतका दूर असतो. ही त्रिज्या सॉफ्टवेअर वजा करतें; परंतु कोणत्या दिशेनें वजा करावयाची हें त्यास ठाऊक असावें लागतें. समजा, गोळीची त्रिज्या २ मिलिमीटर आहे आणि पृष्ठभाग १० अंशांनीं उतरता असतां आपण तो सपाट समजून सरळ वरून स्पर्श केला. गोळी ठीक तळाशीं न टेकतां बाजूला टेकते आणि मापांत ०.०३१ मिलिमीटरची चूक शिरते. आंकडा क्षुल्लक वाटेल. पण २५ मिलिमीटरच्या चांगल्या छिद्रास जी सूट नेहमीं दिलेली असते ती सगळी मिळून ०.०२१ मिलिमीटर असते. म्हणजे भाग निर्दोष असूनहि केवळ स्पर्शाच्या दिशेमुळें तो रद्द ठरेल. यावर उपाय दोन : स्पर्श शक्यतों पृष्ठभागास लंब दिशेनें करावा, आणि उतार किती आहे हें नकाशावरून सॉफ्टवेअरास आधीं सांगावें.

मग गोळी लहानच कां घेऊं नये, असें कोणी विचारील. लहान गोळी खरबरीत पृष्ठभागाच्या खांचांत उतरते आणि प्रत्येक ओरखडा मापांत आणते; मोठी गोळी शिखरांवरूनच जाते. शिवाय लहान गोळीची दांडीहि बारीक, म्हणून ती अधिक वांकते. तिसरें आणि महत्त्वाचें कारण असें कीं, गोळी दांडीहून जितकी रुंद तितकीच दांडीस वस्तूपासून मोकळीक मिळते. म्हणून छिद्रांत सुखानें मावेल अशी मोठ्यांत मोठी गोळी घ्यावी.

गोळी कशाची आहे हेंहि पाहावें लागतें. नेहमींची गोळी कृत्रिम माणकाची असते. ज्या कुरुंदानें आपण सुऱ्यांना धार लावतों त्याच जातीचें हें खनिज. काठिण्याच्या दहा पायऱ्यांत त्याचें स्थान नववें, वर फक्त हिरा. सुट्या स्पर्शांनीं मोजावयाचें असेल तर हें माणिक बहुतेक सर्व धातूंस चालतें. पण गोळी पृष्ठभागावरून सतत घासत न्यावयाची असेल तर ॲल्युमिनियमचे कण तिला चिकटून बसतात. तेथें सिलिकॉन नायट्राइडची गोळी बरी. तीच गोळी पोलादावर झिजते, म्हणून पोलादास पुन्हां माणिकच. बिडाच्या ओतीव कामावर घासावयाचें असल्यास झिर्कोनियाची गोळी टिकाऊ ठरते. गोळीशिवाय अन्य टोकेंहि आहेत : आंतल्या खोबणीसाठीं चकती, पातळ पत्र्याच्या कडेसाठीं नळकांडें, आणि चारी दिशांस गोळ्या असलेली चांदणी. पातळ पत्र्याची कड गोळीनें मोजूं गेल्यास ती वरखालीं निसटते. नळकांड्याच्या उभ्या बाजूस ती कोठेंहि लागली तरी चालतें.

आतां कोनाकडे वळूं. पुष्कळ यंत्रांत प्रोब एका वळत्या डोक्यास लावलेला असतो. बहुतेक ठिकाणीं दिसणारें विजेवर चालणारें डोकें दोन प्रकारें वळतें : खालच्या दिशेपासून वर १०५ अंशांपर्यंत कलतें, आणि उभ्या रेषेभोंवतीं दोन्हींकडे १८० अंश फिरतें. प्रत्येक पायरी साडेसात अंशांची. कलण्याच्या १५ जागा आणि फिरण्याच्या ४८ जागा, म्हणून एकूण ७२० स्थिति मिळतात. सॉफ्टवेअरांत त्यांस 'ए' व 'बी' अशा दोन अक्षरांनीं ओळखतात; 'ए शून्य, बी शून्य' म्हणजे शलाका सरळ खालीं.

छिद्र मोजतांना शलाका छिद्राच्या अक्षाशीं समांतर असावी हा नियम. तो मोडला तर काय होतें तें एका उदाहरणानें पाहूं. एका भागांत उभ्या रेषेपासून ३३ अंश कललेलें छिद्र आहे, त्याचा व्यास १० व खोली ३० मिलिमीटर. डोक्यास ३३ अंश मिळत नाहींत. ३० किंवा साडेसदतीस मिळतात. आपण ३० घेतले, म्हणजे ३ अंशांचा फरक राहिला. गोळी ३ मिलिमीटरची आणि दांडी २ मिलिमीटरची असेल तर दांडीस प्रत्येक बाजूस अर्धा मिलिमीटर मोकळीक आहे. तीन अंशांच्या कलानें ही मोकळीक साडेनऊ मिलिमीटर खोलीवरच संपते. त्याहून आंत गेलें कीं गोळी भिंतीस लागण्यापूर्वीं दांडीच छिद्राच्या कांठास लागते. यंत्रास डोळे नाहींत. काय लागलें हें त्यास कळत नाहीं. तें गोळीच लागली असें धरून आंकडा देतें आणि गोल छिद्र कागदावर लंबवर्तुळ होऊन बसतें. आतां त्याच दांडीवर ६ मिलिमीटरची गोळी घ्या. मोकळीक २ मिलिमीटर झाली आणि ती ३८ मिलिमीटर खोलीपर्यंत पुरते. आपलें ३० मिलिमीटरचें छिद्र तळापर्यंत मोजलें जातें. तेंहि साधत नसेल तर वस्तूच खालीं पाचर देऊन तीन अंश कलवावी. असा हिशेब करण्यास त्रिकोणमितीचें एक कोष्टक पुरतें.

यावरून कोणास वाटेल कीं कोन जितके अधिक वापरावे तितकें चांगलें. तसें नाहीं. डोकें वळलें कीं गोळी हवेंत एका कमानीवरून जाऊन नव्या जागीं उभी राहते. ती नवी जागा कोठें आहे हें यंत्रास शिकवावें लागतें. त्यासाठीं ओट्यावर एक प्रमाण-गोल घट्ट बसवितात. त्याचा व्यास प्रमाणपत्रासह ठाऊक असतो. प्रत्येक शलाकेनें, प्रत्येक कोनांत, त्यास अनेक ठिकाणीं स्पर्श करावयाचा. त्यावरून संगणक त्या स्थितींतील गोळीचें केंद्र आणि तिचा हिशेबी व्यास काढतो. शलाका थोडी वांकत असल्यानें हा हिशेबी व्यास खऱ्या व्यासाहून किंचित् कमी भरतो. ती चूक नव्हे, उलट वांकण्याची भरपाईच तींत होते. परंतु एकाच गोळीचे आंकडे दर वेळीं निराळे येऊं लागले तर शलाका ढिली आहे किंवा गोळीवर मळ आहे असें समजावें. सर्व कोन शिकवीत असतां प्रमाण-गोल जागचा हलतां कामा नये. तो हलविल्यावर नवा कोन जोडावयाचा असेल तर आधीं मूळ शलाका पुन्हां त्या गोलाशीं जुळवून गोलाची नवी जागा यंत्रास सांगावी, मगच पुढें जावें. प्रत्येक कोनाबरोबर थोडी शंका वाढते, म्हणून जेवढे लागतील तेवढेच कोन घ्यावे.

याचें महत्त्व किती आहे हें माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून मला समजलें. तो पुण्याकडील एका कारखान्यांत मापनाचें काम करतो. तेथें एका ओतीव पेटीस समोरासमोरच्या दोन भिंतींतून छिद्रें पाडीत. दोन्हीं छिद्रांचे अक्ष एका रेषेंत हवेत. पण यंत्राच्या अहवालांत ते ०.०४ मिलिमीटरनें चुकलेले निघाले. एक, दोन नव्हे, तर सबंध पाळीच्या पेट्या. छिद्रें पाडणारा कामगार कंत्राटावरचा होता. त्याची सेवा संपविण्याची भाषा सुरू झाली. या मुलानें सांगितलें, "गुरुजी, सगळ्याच पेट्यांत चूक तेवढीच आणि त्याच दिशेला होती. तेव्हां मला संशय आला कीं चूक पेटींत नसेल, मोजण्यांत असेल."

त्यानें काय केलें तें प्रत्येक शिकाऊ मुलानें ध्यानांत ठेवावें. पेटी बाजूस ठेवून त्यानें प्रमाण-गोलच मोजला; एकदां डावीकडे वळलेल्या शलाकेनें आणि एकदां उजवीकडे वळलेल्या शलाकेनें. गोल एकच, म्हणून दोन्हीं वेळां केंद्र एकच यावयास हवें. पण दोन केंद्रांत ०.०४ मिलिमीटरचेंच अंतर निघालें. पुढें चौकशीं असें कळलें कीं, एक कोन आदल्या दिवशीं शिकविला होता, मधल्या पाळींत कोणी गोल काढून पुन्हां बसविला होता आणि दुसरा कोन त्या नव्या जागेवर तसाच शिकविला होता. सर्व कोन पुनः शिकविल्यावर त्याच पेट्या मोजल्या, आणि त्या निर्दोष ठरल्या. तो कामगार आपल्या जागीं राहिला. या परीक्षेस पांच मिनिटें लागतात; ती रोज कामाच्या आरंभीं करावी.

आणखी एक गोष्ट आम्हां वऱ्हाडच्या लोकांस विशेष कळण्यासारखी आहे, ती म्हणजे उष्णता. लांबीचीं मापें २० अंश सेल्सिअस या उष्णमानास खरीं धरावीं असा जगाचा संकेत आहे. एक मीटर पोलाद एक अंशानें तापलें कीं सुमारें ०.०११५ मिलिमीटर वाढतें. ॲल्युमिनियम त्याच्या दुप्पट. अर्धा मीटर लांबीचा पोलादी भाग ३० अंशांवर मोजला तर तो ०.०५७५ मिलिमीटर अधिक भरेल. आमच्याकडे वैशाखांत पारा ४५ अंशांपाशीं जातो, तेव्हां उन्हांतून आणलेला भाग तसाच ओट्यावर ठेवूं नये. हा विचार नवा नाहीं. विल्यम लॅम्बटन यानें १८०२ सालीं मद्रास येथें हिंदुस्थानच्या मोजणीची पायाभूत रेषा मोजली तेव्हां पोलादी साखळी लांकडी पेट्यांत ठेवून, उन्हापासून जपून आणि उष्णतामापकावर नजर ठेवूनच तो आंकडे घेई. हीच मोजणी उत्तरेकडे नेत असतां १८२३ च्या जानेवारींत तो आमच्याजवळच्या हिंगणघाट येथें मरण पावला. तेथें त्याची कबर आहे. वीस वर्षें साखळी आणि कोन यांशीं झगडणाऱ्या त्या माणसाचा प्रश्न व आजच्या सीएमएमवरील मुलाचा प्रश्न जातीनें एकच आहे.

आतां सारांश सांगतों. आधीं नकाशा वाचावा आणि कोणतीं मापें खरोखर महत्त्वाचीं आहेत तें पाहावें. वस्तु ओट्यावर अशी मांडावी कीं थोडक्या कोनांत सर्व काम व्हावें. शलाका आंखूड व जाड, गोळी मावेल तितकी मोठी, जोड कमींत कमी असावे. छिद्रांत अक्षाच्या दिशेनें उतरावें आणि पृष्ठभागास लंब दिशेनें स्पर्श करावा. गोळी व प्रमाण-गोल न विसरतां पुसावे. सर्व कोन गोल न हलवितां शिकवावे आणि शेवटीं गोलच पुन्हां मोजून सर्व केंद्रें जुळतात कीं नाहीं तें पाहावें. सॉफ्टवेअर पुष्कळदां स्वतःच कोन सुचवितें. ती सूचना घ्यावी, पण दांडी कोठें लागेल याचा हिशेब एकदां आपल्या हातानें करावा.

ज्यांचीं मुलें अशा कामावर आहेत त्या पालकांस माझी एवढीच विनंति आहे कीं, मुलगा दिवाळीस घरीं आला म्हणजे त्यास पगार किती हें तर विचारावेंच, परंतु तूं काय मोजतोस आणि कसें मोजतोस हेंहि विचारावें. आणि जीं मुलें अद्याप शाळेंत आहेत त्यांस मी सांगतों कीं, काटकोन त्रिकोणाचीं गणितें पाठ करून परीक्षेनंतर विसरून जाऊं नका. उद्यां एखाद्या परक्या माणसाची नोकरी त्या गणितावर उभी असेल, आणि तें करणारे त्या खोलींत तुम्ही एकटेच असाल.